उकळत्या तेलातलं लिंबू

आमच्या गल्लीत देव उतरला की सगळ्यात आधी रस्ता बंद होतो. रिक्षावाले शिव्या देत मागे फिरतात, दारादारांवर पिवळी निशाणं लागतात, आणि बँकॉकच्या या जुन्या चिनी भागात नऊ दिवस कुणाच्या घरी मांस-मच्छी, कांदा-लसूण शिजत नाही. पांढरे कपडे, ताटात बदकाच्या मांसाऐवजी सोयाबीनची खोटी बदकं, ढोल, सिंहाचा नाच. हे सगळं मला लहानपणापासून प्रिय आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही.

माझं भांडण कढईशी आहे.

देवळापुढे पुरुषभर रुंदीची कढई मांडलेली असे. खाली थोडी आग आणि भोवती इतक्या उदबत्त्या, की ती थोडी आहे हे कुणाला दिसूच नये. ढोल वाढत, गर्दी माना उंचावे, आणि देव अंगात आलेला माणूस डुलत डुलत पुढे येई. हा माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, थानिन. एरवी तो मोबाइलच्या काचा बदलून देतो. देव आला की तो जुनी चिनी भाषा बोलतो. ही भाषा त्याला टीव्हीवरच्या मालिकांमधून जेवढी येते, तेवढीच देवालाही येत असे.

"आग माझी दासी आहे," देव म्हणे. "राख पडू दे, तेल जागं होऊ दे."

मग तो पिवळ्या कागदातली पांढरी राख कढईत फेकी. तेल क्षणात खदखदू लागे, बुडबुडे काठापर्यंत येत. थानिन त्यात कोपरापर्यंत हात घाली आणि भाजल्याची एक खूण नसलेले ते हात वर करून दाखवी. बायका रडत. शेजारच्या सोयादूधवाल्या लमयाईकाकू तर माझा दंड घट्ट धरून म्हणत, "ओरथाई, तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना, मग सांग बघू हे कसं?" आणि मला सांगता येत नसे. संध्याकाळी तेच तेल बाटल्यांतून घरोघर जाई, दुखऱ्या जागी चोळायला.

त्या वर्षी आमच्या घरात दुखरी जागा होती. आईला साखरेचा आजार. तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम होऊन ती चिघळली होती. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, एकही चुकवायची नाही. उत्सव सुरू झाला आणि आईच्या मनात आलं की कॅप्सूलचं आवरण जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, मग व्रत मोडणार नाही का? मी म्हटलं, आवरण काढून दुसरं काही देता येईल का ते डॉक्टरांना विचारू. तिला माझं उत्तर नको होतं. ती देवाला विचारायला गेली.

देवाने, म्हणजे तिच्याच पोटच्या पोराने, सगळ्यांदेखत सांगितलं, "नऊ दिवस जनावराचा कणही पोटात नको. माझं तेल लाव."

मी घरी त्याला गाठून खूप बोलले. तो म्हणाला की मी नव्हे, देव बोलला, आणि देव काय बोलतो ते मागाहून मला आठवत नाही. आई माझ्यावरच चिडली.

ती रोज जखमेवर तेल लावी आणि दातांवर दात दाबून बसे. "झोंबतंय गं," ती म्हणे, "म्हणजे आत काम करतंय."

हे मी दोनदा-तीनदा ऐकलं, आणि मग एका दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेल झोंबत नाही. खिडकीत ठेवलेली बाटली मी उचलली. वर पिवळं तेल, आणि तळाशी गढूळ पाण्याचा जाड थर. तो थर काढून जिभेला लावला. लिंबू.

मी आईला स्वयंपाकघरात बसवलं. पातेल्यात लिंबाचा रस ओतला, त्यावर तेल. रस जड, तो खाली बसला. गॅस पेटवलाच नाही. मग थानिनच्या राखेसारखाच पांढरा खायचा सोडा चिमूटभर वरून टाकला. सोडा तेलातून खाली गेला, रसाला भिडला आणि तेल खदखदू लागलं. मी त्यात हात घातला.

आई बघत राहिली. तिने स्वतःचा हात घातला. गार तेल.

तेवढ्यात थानिन जेवायला आला, पांढऱ्या कपड्यांत. पातेलं बघून तो दारातच थांबला.

"तुझ्या तेलात लिंबू होतं," आई म्हणाली. "तुला ठाऊक होतं?"

तो आत येऊन पातेल्यापाशी उभा राहिला. मग म्हणाला, "थोडंसंच होतं, आई."

पुढे तो पुष्कळ बोलला. ज्यांनी कधी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही तेच आता हात जोडतात, एकदा सुरू केल्यावर थांबायचं कसं, गर्दीसमोर आईला गोळ्या घे म्हणालो असतो तर देवपणच गेलं असतं. आईने सगळं ऐकलं.

"देवाने फसवलं असतं तर सोसलं असतं," ती म्हणाली. "तो मला कुठे ओळखतो? तू ओळखत होतास."

त्याच दुपारी तिला मी इस्पितळात नेलं. अंगठा काढावा लागला, आणि शेजारचं बोटही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर बहुधा दोन्ही वाचली असती.

पुढच्या वर्षी निशाणं लागली, ढोल वाजले. कढई मांडली गेली नाही. गल्लीच्या तोंडाशी आमची आई पांढरे कपडे घालून खुर्चीत बसली होती, पुढ्यात एक पातेलं, लिंबं आणि सोड्याची पुडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोलावून तेल उकळून दाखवी आणि त्यांचा हात धरून त्यात बुडवी. लमयाईकाकूंनी हात घातला, हसल्या, आणि मग त्यांचं हसू गेलं. आईने चप्पल काढून पाय पुढे केला होता.

"खेळ तेवढा बघा," आई सांगत होती. "उपास करा, नाचा, देवाला नमस्कार करा. पण दुखलं तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, खाली काय आहे. तो तुमचा मुलगा असला तरी विचारा."

थानिन रस्त्याच्या पलीकडे दुकानात बसून काच बदलत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. आईने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.