सहा वेळा मोजलेला कोन

“सहा वेळा कोन मोजलात आणि फरक फक्त दोन सेकंदांचा? पानामागून पान हेच?” तपासणीला आलेल्या बाईंनी मोजणीची वही पुढे सरकवली.

मोजणीदार मिशीतल्या मिशीत हसले. अंशाच्या छत्तीसशेव्या भागालाही, म्हणजे एका सेकंदालाही, न चुकणारा माणूस म्हणून सगळं ऑफिस त्यांना सेकंदसाहेब म्हणे. गावाचा नवा नकाशा त्यांनी मोजलेल्या खुणांवरच उभा राहणार होता. त्यांची सही तेवढी बाकी होती.

“हाताला सवय आहे,” ते म्हणाले.

“इतकी सवय कुणाच्याच हाताला नसते, काका. जमीन तापते, हवा हलते, डोळा थकतो. दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे व्हायलाच हवं, म्हणून तर सरासरी काढायची. तुमच्या जुन्या वह्यांत तसं आहे. गेली नऊ वर्षं नाही. पहिलाच कोन एखाद-दोन सेकंद हलवून सहा वेळा उतरवलाय. तोच चुकला असेल तर सरासरी काय कपाळ करणार?”

सेकंदसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि जन्मभर जमीनच मोजलेल्या माणसाला ते फार लागतं. यंत्राला डोळा लावून आकडे सांगायचे त्यांनी. दर वेळी यंत्रावरची अंशांची चकती फिरवून नव्या आकड्यापासून सुरुवात, म्हणजे आधीचं डोक्यात राहत नाही. लिहिणं आणि वजाबाकी मेव्हण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे. तो म्हणायचा, “जुळलं, दाजी,” की हे पुढच्या खुणेकडे निघायचे. घरच्या माणसाची वही काय तपासायची?

मेव्हणा दारातच उभा होता. त्याचा चेहरा पाहूनच त्यांना उत्तर कळलं. तरी त्यांनी विचारलं, “केव्हापासून?”

“ताई गेली तेव्हापासून. हात कापायचा तुमचा. एकेक कोन दहादा घ्यायचात, जेवायचंही नाव नाही. एकदा मी न जुळताच म्हटलं, जुळलं. त्या दिवशी तुम्ही डबा उघडलात. मग तसंच चालू राहिलं.”

रागवावं तर कुणावर, तेच सेकंदसाहेबांना कळेना. नऊ वर्षं आपण तिच्या जाण्यातून सावरलो असं ते समजत होते.

त्यांनी सहीचा कागद ओढला आणि वर लिहिलं, ‘नऊ वर्षांतल्या सगळ्या खुणा पुन्हा मोजाव्यात. यंत्रावर दुसरा माणूस असावा.’ खाली सही केली.

“यंत्र अंगणात लाव,” ते मेव्हण्याला म्हणाले.

या वेळी चकती न फिरवता, देवळाच्या कळसावरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी नेम नेला. पहिला कोन बारा सेकंदांवर आला, दुसरा एकतीसवर. तिसऱ्याला स्क्रूवरचं बोट थरथरलं.

“छप्पन्न.”

मेव्हण्याची पेन्सिल वहीवर थांबली. “दाजी, पुन्हा एकदा बघता का?”

“नाही,” ते डोळा न काढता म्हणाले. “छप्पन्नच लिही.”