कळण्याची भाकरी

मेलेल्या माणसांच्या दातांवरचं किटण खरवडून मी पोट भरते. हसू नका. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तापीकाठी राहणारी माणसं काय खात होती, हे त्या किटणात अडकलेल्या पिठाच्या कणांवरून कळतं. नदीकाठची माती तपासली की तेव्हा पाऊस कसा होता, रान कसलं होतं, तेही सांगता येतं. यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, डोळ्यांना जाड भिंगं आली, आणि धुळ्याच्या आमच्या कॉलेजात लोक अजून विचारतात, "रईसा मॅडम, सोनं-बिनं सापडलं का?" असा संताप येतो!

एवढं सगळं मला कळत होतं, आणि यावलला माझे अब्बा जेवत नव्हते.

अम्मी गेल्यापासून हे सुरू झालं. अब्बा म्हणजे हनीफ टेलर. मापं घेता घेता गिऱ्हाइकांच्या ढेऱ्यांची थट्टा करणारा माणूस. आता त्यांचाच पायजमा कमरेवर थांबेना. दोन घास खायचे आणि "बस, बेटा" म्हणून ताट सारायचे. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण सलाइनवर माणूस किती दिवस काढणार? धुळ्याला चला म्हटलं तर हलेनात. शेवटी मीच रजा टाकून यावलला येऊन बसले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. अम्मी तर गेलीच, आता हेही हातचे जातील.

मग मी माझी विद्या कामाला लावली. अब्बांचा जीव अम्मीच्या कळण्याच्या भाकरीवर. ज्वारी-उडदाचं पीठ, चवीला मीठ. आमच्या खानदेशात घरोघरी होते, पण जिचं तिचं प्रमाण वेगळं. अम्मीच्या पिठाच्या डब्याला आतून थोडं पीठ चिकटून राहिलं होतं. ते काढून एक दिवस धुळ्याला गेले आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. ज्वारीचे कण कोनेदार, उडदाचे लांबट, मधे चीर असलेले. आणि तिसरे अगदी बारीक, तांदळाचे! मूठभर तांदूळ घालायची तर, लबाड! मी प्रयोगशाळेत एकटीच हसले आणि मग रडले.

शेजारच्या बेबाबाईला हे सांगितलं. ती शिरपूरकडची, तोंडाची फटकळ. कपाळावर हात मारून म्हणाली, "माय वं! तीन हजार वरीसना मुर्दासले इचारस, घरना म्हाताराले इचारी देख ना!"

"विचारलं. म्हणतात, भूक नाही."

त्याच प्रमाणात दळून आणलं. भाकरी टम्म फुगली. तेल, ठेचा, कांदा असं सगळं मांडून मी समोर बघत बसले. अब्बांनी घास घेतला, डोळे मिटले. "हुबेहूब तिची," म्हणाले. आणि दुसऱ्या घासाला, "बस, बेटा."

मी परातच आपटली. "मग हवंय तरी काय तुम्हाला? तोंडाने सांगा ना!"

ते वाकून परातीतून सांडलेलं पीठ गोळा करू लागले. मग माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घुश्श्यातच भाकऱ्या टाकत होते. मनधरणी पुरे झाली, त्यांना वाढायचं आणि आपलंही ताट घेऊन बसायचं, असं ठरवलं होतं. पहिली भाकरी छान झाली. दुसरी तव्यावर असताना कॉलेजातून फोन आला, रजा कधी संपतेय म्हणून. मी तावातावाने बोलत राहिले आणि भाकरी एका बाजूने पार कोळसा झाली. ती खाली ठेवून मी चांगली भाकरी अब्बांना वाढली.

अब्बांनी ती उचलून माझ्या ताटात ठेवली आणि हात लांब करून करपलेली ओढून घेतली.

"अब्बा, ती बेबाबाईच्या शेळीला घालायची आहे!"

"तुझी अम्मीपण हेच म्हणायची." त्यांनी वरचं काळं झटकलं. "रोज एक तरी जाळायची. बोलायला लागली की तव्याकडे कुठलं लक्ष! पण जळकी मी तिला कधी खाऊ दिली नाही."

ठेचा लावून त्यांनी मोठा घास घेतला. मग दुसरा, मग तिसरा. इतके दिवस मी सगळं चांगलं त्यांच्यापुढे ठेवत आले होते आणि त्यांना मात्र कुणासाठी काही सोडताच येत नव्हतं. माझा घास हातातच राहिला.

अब्बांचं ताट रिकामं झालं. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"खा, बेटा," ते म्हणाले. "तुझं झाल्याशिवाय मी उठत नाही."