शिळेनं उघडलेली पापणी

गंगेच्या अहिल्याबाई घाटावर त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भगव्या गालिच्यावर शीतलनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे रामघाटच्या अन्नपूर्णाकाकू. काकूंची डावी पापणी कित्येक महिने डोळ्यावर लोंबत होती. महाराजांनी तांब्याच्या हंड्यातून लाल कपड्यात गुंडाळलेली शिळा काढली.

"कैलास की शिला है, माता. डॉक्टर आँख देखता है, शिला आत्मा देखती है."

आत्मा पाहायला शिळा पापणीवरच का ठेवावी लागते, हे कुणी विचारलं नाही. मंत्र झाला, शिळा उचलली आणि पापणी खरोखरच वर गेली. घाट 'हर हर महादेव'नं दुमदुमला. महाराजांनी लगेच डोळ्यांवर पट्टी बांधली. सकाळपर्यंत सोडायची नाही आणि औषधं गंगाजींना अर्पण करायची, अशी आज्ञा झाली. काकूंच्या नवऱ्यानं, विश्वेशकाकांनी, त्यांच्या गोळ्या तिथंच पाण्यात सोडल्या. सकाळी पट्टी सोडली तर डोळा उघडाच. घराजवळच्या मंगला गौरीच्या गल्लीत पेढे वाटले गेले.

त्यांच्या पुतणीला, मृणालिनीला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती मेंदू आणि मज्जासंस्थेची संशोधक. शरीराची संरक्षक फौज फितूर होऊन आपल्याच शरीरावर चालून जाते, त्या रोगांवर ती विद्यापीठात काम करत होती. आईमागे जिनं वाढवलं त्या काकूला तसलाच रोग निघाला, तेव्हा चांगला डॉक्टर तिनंच गाठून दिला. पण घरी जाणं राहूनच जाई. काकांचा फोन आला तो थेट, "हिला पाणी गिळता येत नाहीये, श्वासही पुरत नाहीये," असा.

इस्पितळात काकू यंत्राच्या श्वासावरून कशीबशी परत आली. काकांनी खाटेशी उभं राहून गार शिळेची, पट्टीची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाले, "गोळ्या मी टाकल्या."

मृणालिनी त्यांच्यावर भडकणार, तोच काकू घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्यांना नको बोलूस. पापणी का पडते, हे मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, 'काकू, तुला नाही कळायचं, गोळ्या घे.' महाराजांनी निदान काहीतरी सांगितलं."

परदेशातल्या सभागृहांत मृणालिनी हाच रोग समजावत हिंडली होती. रामघाटच्या स्वयंपाकघरात मात्र तिला वेळ झाला नव्हता.

ती खाटेच्या कडेला बसली. "मज्जातंतू स्नायूला एका रसायनाकरवी निरोप धाडतो. तुझ्या फौजेनं स्नायूचे कान बुजवलेत. थंडीनं ते रसायन जरा जास्त टिकतं, निरोप पोचतो, पापणी उचलते. ऊब आली की पुन्हा पडते. तुझी एक गोळी हेच काम तासन्‌तास करते, दुसरी फौजेला आवरते. आणि रात्रभर आराम झाला की सकाळी डोळा आपसूकच उघडा असतो."

"म्हणून ती पट्टी," काकू म्हणाली.

अंगात ताकद आल्यावर काकू स्वतःच पुतणीला घेऊन घाटावर गेली. दिवसभराच्या थकव्यानं पापणी पडलेलीच होती.

"माता की श्रद्धा कम पड़ गई," महाराज हळहळले.

मृणालिनीनं ठंडाईवाल्याकडून बर्फ घेतला, रुमालात गुंडाळला आणि काकूच्या पापणीवर धरला. मंत्र नाही, जयजयकार नाही. रुमाल काढला. डोळा उघडला होता.

"अब रुकिए," काकू गर्दीला म्हणाली. "पट्टी नहीं बाँधेंगे."

लोक थांबले. पापणी हळूहळू खाली आली. तेवढ्यात कुणीतरी हंड्यात हात घातला. वर बेलाची पानं, खाली बर्फ. महाराज हिमालयाच्या शीतलतेबद्दल बोलत राहिले, पण त्यांच्याकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

रांगेतला वेणीमाधव नावाचा माणूस पुढे आला. "बहन की दवा तो हमने भी बंद करा दी."

"अभी डॉक्टर के पास चलिए, मैं साथ आती हूँ," मृणालिनी म्हणाली. मग ती लोकांकडे वळली. काकूच्या नजरेला नजर देणं तिला अजून जमत नव्हतं. "काकी ने मुझसे पूछा था, मैंने बताया नहीं. जो इनके साथ हुआ, उसमें मेरा भी हिस्सा है."

वाचकहो, चमत्कार दिसला की लगेच हात जोडू नका. थोडं थांबा, पुढं काय होतं ते पाहा. औषध सोडायला सांगणाऱ्याला 'का' म्हणून विचारा. आणि औषध देणाऱ्यालाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.