दोन बोटं बाहेर

कुलूपकाकांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. हे नाव खेळाडूंनी ठेवलेलं. तोंडावर सगळे नुसतं 'काका' म्हणत, पाठ फिरली की कुलूप जोडत. लेकीच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला ते चिकटपट्टी लावत आणि पट्टीवर सही करत. परगावी स्पर्धा असली की तिचे बूट स्वतःच्या खाटेखाली ठेवून झोपत. एकदा एक पंच तिच्याकडे बघून हसले, तर काका दोन दिवस त्या हसण्याचा अर्थ लावत बसले होते. पण लेक सतराव्या वर्षी मातीच्या कोर्टावरच्या एवढ्या मोठ्या टेनिस स्पर्धेच्या फायनलला पोचली होती, आणि तिला शिकवणारे, पळवणारे, तिचा डबा भरणारे सगळे तेच. त्यामुळे हसणाऱ्यांनाही जरा बेतानेच हसावं लागे.

फायनल तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत ताणली आणि आठ-सहाने हातची गेली. शेवटचा चेंडू लेकीने मागच्या रेषेच्या रोखाने मारला. मातीवर चेंडू आपला ठसा सोडून जातो, म्हणून पंच खुर्चीवरून उतरले, ठशापाशी वाकले आणि ठसा व रेषा यांच्यामध्ये दोन बोटं टेकवून दाखवली. बाहेर. मॅच संपली. लेक जाळ्याला वळसा घालून पलीकडे गेली, क्षणभर ठसा पाहिला, बुटाने पुसला आणि समोरच्या मुलीच्या हातात हात दिला.

"पुरावा कशाला पुसलास?" काकांनी तिला बाकावर गाठून विचारलं.

"बाहेरच होता, बाबा." तिने मोजे काढून झटकले. लाल धूळ उडाली.

काकांना ते पटणारं नव्हतं. दोन वर्षांत ही पोर एवढे चेंडू लांब मारताना त्यांनी पाहिली नव्हती. माणूस चुकतो तेव्हा कधी जाळ्यात मारतो, कधी बाजूला मारतो. हिचे मात्र एकट्या तिसऱ्या सेटमध्ये अकरा चेंडू मागच्या रेषेच्या बाहेर, आणि तेही बोटाबोटाने. कुठेतरी पाणी मुरत होतं. आधी त्यांचा संशय कोर्टावर पाणी मारणाऱ्या माळ्यावर गेला. पण दोन्ही मुली सारख्या बाजू बदलत होत्या, तेव्हा त्याला नाइलाजाने सोडावं लागलं. मग चेंडूंवर गेला, पण चेंडू दोघींना एकच होते. उरल्या रॅकेट. आणि रॅकेट म्हटलं की गटिंगवाले दादा.

दादा म्हणजे रॅकेटच्या तारा ओढून बसवणारे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्यांची एवढीशी खोली, त्यात तारा ओढायचं यंत्र आणि एक स्टूल. वीस वर्षं ते याच क्लबात होते, आणि जिंकलेली मुलगी याच क्लबाची. काकांना आणखी काय हवं होतं? कपडे न बदलता ते थेट क्लबच्या सचिवबाईंकडे गेले आणि उभ्याउभ्या तक्रार लिहिली: गटिंगवाल्याने मुद्दाम तारा ढिल्या बसवल्या. बाईंनी ती दोनदा वाचली. सहा वाजता समिती बसेल, खरं ठरलं तर दादांची खोली जाईल, एवढं त्या सावकाश म्हणाल्या. काका म्हणाले, जाऊ दे.

लेकीला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा हरल्यावर पडला नव्हता तेवढा पडला. तक्रार मागे घ्या, एवढंच ती म्हणाली. का, ते सांगेना. काकांच्या मनात पाल चुकचुकली. ही त्या माणसाची बाजू का घेते? आपलीच पोर आपल्यापासून काहीतरी लपवतेय, ही शंका त्यांना पराभवापेक्षाही जास्त बोचली. पंचांचं हसू, पुसलेला ठसा, ही गप्प बसलेली पोर, सगळं ते मनात एका ओळीत लावून पाहू लागले. काही केल्या लागेना.

तिन्ही रॅकेट उचलून ते दादांच्या खोलीत धडकले. लेक मागोमाग आली. दादांनी रॅकेट हातात घेतल्या, तारांवर तळवा आपटला, मग ताण मोजायचं छोटं माप लावून पाहिलं. तोंडातून च्च असा आवाज काढला.

"पन्नास पौंडांच्या ताणावर बसवल्या होत्या. आता पंचेचाळीसही नाहीत. ढिल्या आहेत, काका."

"म्हणजे कबूल?"

खुंटीवरून एक रॅकेट काढून दादांनी यंत्राशेजारी ठेवली. ती लेकीचीच चौथी. मुठीची पट्टी सुटली होती, म्हणून सकाळी ती चिकटवायला इथेच राहिली होती. त्याच गुंडाळीची तार, तेच यंत्र, त्याच हाताने एकाच बैठकीत चारही केलेल्या. त्यांनी माप लावलं आणि काकांसमोर धरलं. एकोणपन्नास.

"या तिन्ही माझ्याकडून गेल्यावर कुठे होत्या?" दादांनी विचारलं.

इथे काकांची छाती फुगली. खेळाडूंच्या खोलीत चार लोकांचे हात लागतात, म्हणून सकाळी आठलाच त्यांनी तिन्ही ताब्यात घेतल्या होत्या आणि गाडीच्या डिकीत घालून कुलूप लावलं होतं. किल्ली खिशात. चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. आधी गाडी झाडाखाली होती, पण समोरच्या मुलीचे मामा तिथेच खुर्ची टाकून बसलेले दिसले. मग त्यांनी गाडी काढून पलीकडच्या भिंतीला लावली, उघड्यावर, जिथून ती सतत नजरेत राहील.

"दीडपर्यंत?" दादा म्हणाले.

"दीडपर्यंत."

दादांनी दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मुठीची पट्टी चाचपत बसले. काका बाहेर पडले, तरातरा गाडीपर्यंत गेले आणि डिकी उघडली. आतली धग तोंडावर आली. कोपऱ्यात लेकीच्या बोटांना लावायच्या पट्ट्यांचं पाकीट होतं, त्यातला चिकट गोंद वितळून पाकिटाबाहेर आला होता. काकांनी पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. उन्हं कलली होती, तरी हात भाजला. साडेपाच तास. लेकीच्या तारांचा ताण वर्षानुवर्षं स्वतः ठरवणाऱ्या काकांना हे कोणी सांगायची गरज नव्हती: तापलेली तार सैल पडते, आणि सैल तारेवरून चेंडू लांब जातो. फार नाही, बोटभर.

त्यांना आठवलं. दीड वाजता लेकीने रॅकेट हातात घेतली, मुठीवर ओला रुमाल गुंडाळला आणि हळूच विचारलं, "दादांकडची चौथी आणू का?" त्यांनी तिला झिडकारलं होतं. सकाळपासून त्या माणसाच्या खोलीत पडलेली रॅकेट, तिचं काय केलं असेल कोणास ठाऊक, असं म्हणाले होते. ती मुकाट खेळायला गेली.

काका डिकी लावून गाडीला टेकले. त्यांना लाज वाटत होती. लाजेपेक्षाही भीती वाटत होती, की हे आता तोंडाने बोलावं लागणार.

सहाला पाच मिनिटं असताना ते सचिवबाईंच्या टेबलापुढे उभे राहिले. लेक दाराशी होती. तक्रार मागे घेतो म्हणाले. मग एका दमात सगळं सांगितलं: डिकी, ऊन, मामा, किल्ली. दादांचा काही दोष नाही, केलं ते मीच केलं.

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. तासाभरापूर्वी जाऊ दे म्हणणारा माणूस आता स्वतःच्याच अंगावर घेत होता.

"काका, खरं सांगा. कोणी दम दिला का तुम्हाला?"

"नाही हो."

"मग दादांनी काही देऊ केलं? घाबरू नका, इथे बोला."

काकांनी शपथ घेतली. बाईंनी मान हलवली, पण त्या मान हलवण्यात विश्वास नव्हता. ते मान हलवणं काकांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. आयुष्यात किती जणांसमोर त्यांनी तशी मान हलवली होती. आज खरं बोलत होते, आणि दाखवायला पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक चिकट पाकीट होतं.

"ते खरं सांगताहेत," लेक दारातून म्हणाली. "मला मॅचच्या आधीच कळलं होतं. मुठी चटके देत होत्या."

बाई तिच्याकडे वळल्या. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

लेकीने बाबांकडे पाहिलं नाही.

"बोलले असते तर त्यांनी आणखी कोणाचं तरी नाव घेतलं असतं. मॅच उभी राहिली असती. म्हटलं, जिंकले की कोणी रॅकेट बघणार नाही, विषयच संपेल." ती थांबली. "दोन बोटांनी हुकलं."

बाईंनी तक्रारीचा कागद उलटा करून काकांपुढे सरकवला, मागे घेतो असं लिहायला. काकांनी पेन घेतलं. कारण लिहायची जागा आली तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली, मग लिहू लागले.