न कसायचं पॅकिंग

आष्ट्याचे लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि रंगकामाचे ठेकेदार झाले. फौजेत सकाळी बंदूक पुसायचे, इथं रंग मारायच्या पंपाचा नट कसू लागले. पंपात एक रॉड वरखाली होतो, त्याच्याभोवती पॅकिंग असतं. ते सैल पडून रंग वर झिरपला की नट जरासा कसायचा. लालासाहेब झिरपायची वाट बघत नसत. रोज पाव फेरा, रविवारी अर्धा. पॅकिंग रॉडला इतकं आवळायचं, की दोन्ही झिजायची. वर्षात चार पॅकिंग गेली, एक रॉड गेला. लालासाहेबांच्या मते चारही कच्ची निघाली. स्वतःच्या हाताबद्दल त्यांनी मत दिलं नव्हतं.

यंदा सुनेनं, अंकितानं, वेगळा पंप आणला. याच्या पॅकिंगला स्प्रिंग होती; झीज होईल तशी ती आपोआप दाब धरते. कसायला नटच नाही. फक्त वरच्या वाटीत रोज तेलाचे थेंब टाकायचे, म्हणजे रॉडवर रंग सुकत नाही आणि पॅकिंग खरवडलं जात नाही.

"कसायचं न्हाई म्हंजे? मग माणसानं करायचं काय?"

"तेल घालायचं, मामा."

"त्याला सुभेदार कशाला लागतुय?"

"तेच म्हणते मी."

यावर घरात करार ठरला. देवदत्तशेठच्या मंगल कार्यालयाचं काम नव्या पंपावर पार पडलं, तर पुढची कामं अंकिता ठरवणार. पंप अडला, तर जुना पंप परत आणि अंकितानं फक्त भिंती मोजायच्या.

काम अर्ध्यावर असताना खंडेनवमी आली. लालासाहेबांनी सगळी हत्यारं मांडून यथासांग पूजा केली. दसऱ्याची सुट्टी झाली, आणि त्यानंतर कामाच्या पहिल्याच दिवशी दुपारी पंपाच्या वाटीतून फिकट पिवळा रंग उसळून बाहेर आला. भिंत अर्धी पिवळी, अर्धी कोरी. रविवारी तिथं साखरपुडा होता.

"वहिनी, हाच का तो नवा पंप?" देवदत्तशेठ म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सुरू झाला नाही, तर मी दुसरा माणूस बघतो."

"कसायला नट पायजे हुता," लालासाहेब म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण पुरेसं नव्हतं.

दोघं पंप घेऊन सांगलीला आप्पासो मिस्त्रीकडं गेले. आप्पासोनं पंप उघडला. पॅकिंगच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. त्यानं वाटीतला गाळ चिमट्यानं काढून कागदावर ठेवला. लाल चिखल, त्यात तांदळाचे तीन दाणे.

"सुभेदार, ह्यो कुठल्या कंपनीचा रंग म्हणायचा?"

लालासाहेब कागदाकडं बघत राहिले. अंकिताला पहिल्या दाण्यालाच कळलं होतं.

"पूजेला वाटी पुसली मी," लालासाहेब शेवटी म्हणाले. "तेल काळं दिसत हुतं. देवापुढं बरं दिसंना."

"आणि तेल परत घातलं?"

"कुंकू घातलं."

"अक्षता?"

"त्याबी घातल्या. पूजा म्हंजे पूजा."

"गड्या, कोरडा रॉड, त्याला रंग चिकटलेला, वर हे कुंकू आणि तांदूळ! लोखंडाचं पॅकिंग असतं तरी गेलं असतं. स्प्रिंग काय करणार?"

आप्पासो नवं पॅकिंग बसवायला लागला. अंकिता तेलाची बाटली धरून उभी राहिली. तिनं एकदाही "बघा" म्हटलं नाही. लालासाहेबांना ते फार जड गेलं. त्यांनी बाकड्यावर बसूनच देवदत्तशेठला फोन लावला, आणि मग उठून उभं राहून बोलले.

"शेठ, चूक माझी. पंपाची न्हाई, सुनंची न्हाई. पाचपर्यंत पंप सुरू हुतोय."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. लालासाहेब चार वेळा "व्हय" म्हणाले. मग फोनवर हात ठेवून त्यांनी अंकिताकडं बघितलं.

"चूक कबूल केली म्हणून वरच्या मजल्याचंबी काम देतो म्हणतुय. दिवाळीआधी पायजे. आपल्याला जमंल का?"

"बघून सांगते म्हणावं," अंकिता म्हणाली.

"बघून सांगतो," लालासाहेब फोनवर म्हणाले, "साहेबांना विचारून."