होल्डरची कड

गेटवर बसणं हेसुद्धा काम असतं, हे मला आमच्या ह्यांच्या कंपनीला टाळं लागल्यावर कळलं. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, डबा, सायकल. कंपनी चालू असताना निघायचे त्याच वेळी निघायचे आणि सुटायच्या वेळी परत यायचे. मध्ये काय करायचे? बसायचे. अंबरनाथच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटसमोर युनियनने बांबू आणि निळं प्लास्टिक लावून मांडव घातला होता, त्यात सतरंजीवर बसायचे. एकदा मी विचारलं, "दिवसभर बसून कंटाळा नाही येत?" तर असे डोळे वटारले, जसं काही मी सीमेवरच्या शिपायाला विचारलं.

कंपनीत विजेचं सामान व्हायचं. बटणं, सॉकेट, बल्बचे काळे होल्डर. शहाऐंशी सालची ती गोष्ट. आदल्या दिवाळीच्या तोंडावर शेठने तोटा दाखवून टाळं लावलं होतं. तोटा-बिटा काही नव्हता, त्याला परमनंट माणसं नको होती. निम्म्या लोकांनी हिशोब घेतला आणि मोकळे झाले. कुणी जुनी रिक्षा घेतली. आमच्या चाळीतल्या बुधाजीने सगळी रक्कम दामदुपटीच्या फायनान्सवाल्याकडे ठेवली आणि फायनान्सवाला एका रात्रीत बोर्डासकट गायब झाला. जे हिशोब न घेता राहिले, त्यांचे पुढारी शंकरराव. त्यांचा नियम एकच होता: गेटातून खिळासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. आत मशीन आहेत, आत डाय आहेत. डाय म्हणजे पोलादाचा साचा. तो नसला तर होल्डर कशात ओतणार? म्हणजे आज ना उद्या शेठला गेट उघडावंच लागेल आणि आपल्या माणसांना आत घ्यावंच लागेल, असं गणित होतं.

आणि त्या डाय बनवणारा हात कुणाचा? तर आमच्या ह्यांचा, किसन टूलरूमवाल्याचा. त्यामुळे मांडवात ह्यांचा मान मोठा. घरात पीठ संपलंय की तेल संपलंय, ह्याची त्या मानाला खबर नव्हती. उल्हासनगरच्या दोन वर्कशॉपवाल्यांनी बोलावून पाहिलं, हे गेले नाहीत. "दुसरीकडे चिकटलो की कंपनीवरचा नोकरीचा दावा बुडाला," म्हणायचे. दाव्याची भाजी करता येत नाही, हे त्यांना मी किती वेळा सांगायचं?

मग मी माझा रस्ता शोधला. शंकररावांची बायको गंगूवहिनी, शेजारची रखमा आणि मी, आम्ही उल्हासनगरात कॅम्प एकला टेकचंदच्या दुकानी जायला लागलो. हळूहळू मांडवातल्या आणखी बायका आल्या. टेकचंद जॉबवर्क द्यायचा. पोतं भरून बल्बचे होल्डर आणायचे, त्यांच्या कडेला बॅकेलाइटचा, म्हणजे त्या काळ्या कडक प्लास्टिकचा, पातळ पापुद्रा आलेला असायचा तो कानशीने घासून काढायचा, आत पितळेच्या पिना आणि स्प्रिंग बसवायच्या, आणि ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर, पैसे घ्यायचे. घासताना काळी भुकटी उडायची. नाक काळं, पदर काळा, थुंकी काळी. पापुद्रा काचेसारखा, बोटांना चरे पडायचे. पण चूल पेटत होती. ह्यांनी त्या पोत्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. बायकांचा पसारा, म्हणून ते त्याला ओलांडून जात.

एका दुपारी डबा विसरला म्हणून हे जेवायला घरी आले होते. पोत्यातला एक होल्डर घरंगळत ताटाशी गेला. ह्यांनी तो बाजूला सारायला उचलला आणि हात तसाच राहिला. खिडकीशी नेऊन आतून-बाहेरून पाहिला. मग पोत्यातून मूठभर काढून एकेक पाहिला.

"हे कुठून आणलंस?"

"टेकचंदकडून. कुठून म्हणजे?"

"ही माझी डाय आहे." त्यांनी होल्डर माझ्यापुढे धरला. "हा ओरखडा बघ. डायच्या तिसऱ्या खणात माझी कानस निसटली होती. बकुळा, ही माझी डाय आहे."

मला कळायला वेळ लागला. कंपनीच्या शेठने डाय केव्हाच बाहेर काढल्या होत्या, मागची भिंत फोडून की कुणाला पैसे चारून, देव जाणे. टेकचंदकडे प्रेस लावली होती, त्यात ह्यांच्याच डायमधून होल्डर निघत होते. आणि ज्यांना टाळं लावून बाहेर बसवलं होतं त्यांच्याच बायका ते घासून देत होत्या. पुरुष पुढच्या दाराशी राखण करत बसलेले आणि घर मागून रिकामं झालेलं.

हे चप्पल घालायला लागले. मी दारात आडवी उभी राहिले.

"कुठे?"

"मांडवात. शंकररावांना सांगतो. आत्ताच्या आत्ता मोर्चा नेतो टेकचंदवर."

"न्या. खुशाल न्या. पण आधी गंगूवहिनींना सांगा की उद्यापासून काम बंद, मग शंकररावांना सांगा. तुमच्या शंकररावांच्या ताटात पडतं ते ह्याच होल्डरचं आहे. रखमाच्या घरचंही ह्याचंच. कुणाकुणाची चूल विझवून येताय ते मोजून या."

"वहिनीपण?" हे म्हणाले.

"सगळ्या. तुमच्या सगळ्या वाघांच्या वाघिणी."

ते चौकटीला टेकून खाली बसले. चप्पल एका पायात तशीच होती. मला त्यांचा राग आला होता, पण तसं बसलेलं पाहून माझंच अवसान गेलं. दुसऱ्या दिवशी शर्ट घालून, डबा घेऊन ते मांडवात गेले. रिकाम्या कंपनीची राखण करायला. तोंडातून ब्र काढला नाही. घोषणा देताना त्यांचा आवाज खाली आला, असं लोक मला नंतर सांगत होते.

पुढचं बारीकसारीक मला फार उशिरा कळलं, पण सांगायचं तर इथेच सांगायला हवं. मांडवातून निघून हे एक दिवस टेकचंदकडे गेले. भांडायला नाही, डाय बघायला. म्हातारा टेकचंद काही राक्षस नव्हता. त्याने चहा मागवला. म्हणाला, "साईं, मेरा क्या गुनाह? तुम्हारे शेठ ने दिया, मैं भाडा भरता हूँ." मग स्वतःच प्रेसजवळ घेऊन गेला. डाय झिजली होती. दोन पाट्या नीट मिटत नव्हत्या, म्हणून तो पापुद्रा. दर आठवड्याला जास्त जाड येत होता. गिऱ्हाईक माल परत करायला लागलं होतं. "तुमने बनाई? तो तुम ही बना दो ना फिर से. जो बोलोगे देगा."

हे नाही म्हणून उठून आले. त्यांनी काय हिशोब केला होता ते मला पटतं. ती डाय दुरुस्त करू शकणारा माणूस एकच होता आणि तो मांडवात बसत होता. आणखी दोन महिने ती तशीच चालली असती तर मालच विकला गेला नसता, आणि शेठ आपल्या पायाने गेटवर आला असता. मांडवाच्या हातात एवढा एकच पत्ता उरला होता. तो पत्ता फक्त ह्यांना ठाऊक होता, आणि तो खेळायचा म्हणजे नुसतं गप्प बसायचं होतं. बसण्याची तर सवयच झाली होती.

पण त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. मळत कसली, पाण्यात मीठ होतं आणि बोटांचे चरे झोंबत होते, म्हणून ओठ दाताखाली धरला होता. ह्यांनी परात ओढून घेतली आणि स्वतः मळायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. मळता मळता विचारलं, "दिवसाला किती ग्रोस होतात तुझे?"

"होतात कसले! निम्मा जीव घासण्यातच जातो. हा पापुद्रा नसता तर दुप्पट केले असते."

मी वैतागून बोलले. वैतागलेली बाई काय काय बोलते, ते सगळं मनावर घ्यायचं असतं का? पण ह्यांनी घेतलं. पीठ मळून झालं तरी मळतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून शर्ट, डबा, सायकल तेच, फक्त सायकल एमआयडीसीकडे न जाता कॅम्प एककडे. मांडवात कळवलं, ताप आहे. टेकचंदच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी ती डाय उघडली. पाट्या घासून सपाट केल्या, पाट्या जुळवणाऱ्या झिजलेल्या पिना काढून नव्या बसवल्या, खण आरशासारखे पॉलिश केले. आणि पैसे? घेतले नाहीत! टेकचंद नोटा पुढे करत होता. हे म्हणाले, "पैसे घेतले तर मी फुटलो. तुम्ही फक्त आमच्या बायकांना माल जास्त द्या." टेकचंद म्हणाला, "हां हां, क्यों नहीं." तो माणूस कुणालाच नाही म्हणत नसे.

आठवड्याने आम्ही बायका रिकामी पोती घेऊन दुकानी गेलो. काउंटरवर नवा माल मांडला होता. गंगूवहिनींनी एक होल्डर उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि हसल्याच. "अगं बकुळे, बघ तरी! लोणी आहे लोणी. आता बोटं कापायची नाहीत." रखमाने तो गालाला लावून पाहिला. मीसुद्धा हसले. वाटलं, चला, आता दिवसाला दुप्पट होतील, दसऱ्याला ह्यांना नवा शर्ट घेऊ.

टेकचंद पोती घेईना.

"बाई, अब बाहर देने का काम नहीं रहा. घासने का था इसलिए देता था, वो धूल इधर कौन खाएगा? अब माल साफ निकलता है. पिना डालने को प्रेस के बाजू में चार लडकी बिठा दिया है." आमचे चेहरे पाहून त्याला वाटलं की आम्हाला चांगली बातमी द्यावी. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुम्हारे ही कंपनी का डाय है, इसके आदमी ने ठीक किया. सोने का हाथ. पैसा भी नहीं लिया."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे. तिथेच मला कळलं, डाय कुणी नीट केली आणि कशासाठी. ओरडावंसं वाटलं की बायांनो, मला ठाऊक नव्हतं. पण डाय बाहेर आहे हे तर मला ठाऊक होतंच, मग कुठलं तोंड घेऊन ओरडणार? गंगूवहिनींनी पोतं काखेत मारलं आणि चालायला लागल्या. त्या घरी गेल्या नाहीत, सरळ मांडवात गेल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे.

शंकरराव सतरंजीवर बसून पेपर वाचत होते, शेजारी हे होते, ताप उतरला म्हणून परत आलेले. बायकांचा तांडा पाहून उठले. "काय झालं? कुणी काही बोललं का?"

वहिनींनी होल्डर त्यांच्या हातात ठेवला. "तुमची कंपनी बाहेर चालू आहे. इतके महिने मीच घासत होते, मला काय माहीत कुणाचं आहे ते. तुमच्या किसनला माहीत होतं. त्याने तर डाय नीट करून दिली."

मला वाटलं, आता ह्यांना मारतात. मारलं असतं तरी बरं झालं असतं. शंकररावांनी होल्डर आतून-बाहेरून पाहिला. मग विचारलं, "किसन, हे खरं?"

हे उभे राहिले. "खरं. मला वाटलं, बायकांचं काम वाढेल."

"वाढलं का रे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

शंकररावांनी शिवी दिली नाही. होल्डर सतरंजीवर ठेवला, पेपरची घडी घातली आणि बाकीच्यांना म्हणाले, "चला. उद्या सकाळी हिशोबाला जाऊ. देतील ते घेऊ." एकेकजण डबा उचलून निघाला. जाताना रोज सगळे ह्यांना जयभीम घालायचे. त्या दिवशी कुणी घातला नाही. रखमाच्या नवऱ्याने बांबू सोडवून निळं प्लास्टिक काढलं आणि घरी छपराला लागेल म्हणून खांद्यावर टाकून नेलं.

उघड्यावर आम्ही दोघंच राहिलो. घर दोन्ही बाजूंनी बुडालं होतं, नोकरीही गेली होती आणि कामही. मी त्यांना वाट्टेल ते बोलणार होते. तोंडात शिव्या तयार होत्या. मूर्खा, निदान मला विचारायचं होतंस, पैसे तरी घ्यायचे होतेस, थोडी कड खडबडीत सोडायची होतीस. मी जवळ गेले. ह्यांनी मान वर केली नाही. फक्त विचारलं,

"माल साफ आला होता का?"

मी त्यांच्याशेजारी धुळीत बसले. "आला होता," मी म्हणाले, "अंगठा फिरवला तरी कळत नव्हतं जोड कुठे आहे ते." आणि मला हुंदका आवरला नाही.