कोटातली रुची

"दुसऱ्याच्या नंबरावर आपलं नाव उघडू नको, रुची. उद्या त्यानं नंबर बदलला, तर नाव आत आणि तू बाहेर."

दुर्गेश्वरीनं हे सांगितलं तेव्हा दोघी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होत्या. गोंदियातल्या फुलचूर नाक्यावरच्या चुन्नीलालच्या ऑनलाइन सेंटरात, घरघरत्या पंख्याखाली बसल्या होत्या. रुची हसली. "म्हातारीसारखी काऊन बोलून राहिली वं तू?" नोकरीच्या साइटवर प्रोफाइल करायचं, तर मोबाइल नंबर लागत होता, आणि तिच्या घरी एकच फोन होता, बाबांचा, बटनांचा, दिवसभर त्यांच्याच खिशात. त्यामुळं मैत्रिणीपेक्षा चुन्नीलालचं म्हणणं तिला पटलं.

"अरे बेटी, टेन्शन कायको लेती? मेरा नंबर डाल देते हैं. कुछ आया तो मैं हूँ ना."

मग त्यानं खुंटीवरचा काळा कोट काढून दिला. तो कोट अख्ख्या फुलचूरचा होता. बँकेची परीक्षा देणारा असो की रेल्वेच्या भरतीला जाणारा, जो तो तोच कोट अंगात घालून हिरव्या पडद्यासमोर बसायचा. रुचीच्या बोटांवर बाह्या उतरत होत्या, पाठीत कोट फुगत होता. चुन्नीलालनं मागून कपड्याचे चिमटे लावले. फोटोत चिमटे दिसले नाहीत. दिसली ती ताठ मानेची एक मुलगी, जणू तिला कुठंतरी पोचायचं आहे आणि गाडी बाहेर उभीच आहे.

पुढं एका राइस मिलच्या लॅबमध्ये रुचीला काम मिळालं. तांदळातला ओलावा मोजायचा, कणी निवडून तिचं वजन करायचं. मिलच्या साहेबांनी साइटवरच्या तिच्या त्या पानावर चार चांगल्या ओळी लिहिल्या. मग बुद्धभूषणशी लग्न झालं. गजभिये जाऊन बन्सोड आलं, गोंदिया मागं राहिलं आणि नवेगाव बांधचं तळं समोर आलं. मग टिंकू झाली. टिंकूनं चालायला शिकून घर डोक्यावर घेतलं, आणि कोटातली ती मुलगी रुचीच्या ध्यानातून हळूच उतरून गेली.

ती आठवली या हिवाळ्यात. नागपूरची एक कंपनी गावोगावचे धानाचे नमुने तपासायला माणसं घेणार होती. यंत्र कंपनीचं, काम घरी बसून. जाहिरात रुचीनं दोनदा वाचली. असं काम पुन्हा कुठलं मिळायला? हे हुकलं तर मिल, म्हणजे गोंदिया, म्हणजे टिंकूला सोडून सकाळची बस. टिंकू अजून झोपेतसुद्धा आईच्या पदराचं टोक मुठीत धरायची.

जुनं पान बाहेरून दिसत होतं, पण आत शिरून काही बदलता येईना. साइट म्हणे, नंबरावर पाठवलेला आकडा टाका. तो चुन्नीलालचा नंबर तर केव्हाचा बंद पडलेला. मग रुचीनं नवं पान करायला घेतलं. फोटो बुद्धभूषणनं काढला, अंगणाच्या दारात.

"जरा हास ना."

"हसली तर नोकरी देतील का?"

"नाही हसली तर मीच देत नाही."

सासूबाई, शामकला, ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत होत्या. "पोरीचा फोटो नोको टाकू वं त्याच्यात. नजर लागते."

"नाही, आई. माझाच टाकते."

"तुले कोनाची नजर लागते!" सासूबाई म्हणाल्या आणि सुपातला खडा भिरकावला.

कंपनीच्या अल्का मॅडमचा फोन दोन दिवसांनी आला. आवाज गोड, पण घाईतला. "रुची, आम्ही तुम्हाला आधीच निरोप पाठवला होता. तुमच्या दुसऱ्या पानावर. वाचलेला दिसतो. उत्तर नाही."

"वाचलेला?"

"हो. आणि हे बघा, एकाच माणसाची दोन पानं आम्हाला चालत नाहीत. कुणाशी बोलतोय तेच कळत नाही. सोमवारी मी स्वतः तपासेन. एकच दिसलं, तर काम तुमचं."

फोन ठेवून रुची दारात आली. तळ्यावर धुकं अजून उतरलेलं होतं. त्यातून मासेमाराचा एक डोंगा आला आणि परत धुक्यात विरघळला. निरोप वाचला कुणी?

दुर्गेश्वरी गोंदियातच होती. रुचीनं कळवल्यावर ती बिचारी त्याच दिवशी नाक्यावर जाऊन आली आणि तिनं फोन केला. "तिथं आता बांगड्यांचं दुकान आहे वं. चुन्नीलाल रायपूरकडे गेला म्हणतात. कॉम्प्युटर भंगारात दिले की कोणाले विकले, कोणालेच माहीत नाही."

म्हणजे कुठल्या तरी दुकानात, कुणाच्या तरी टेबलावर त्या कॉम्प्युटरवर ते पान उघडंच पडलेलं असणार. "मी तुले..." दुर्गेश्वरीनं सुरुवात केली आणि पुढचं गिळलं. "जाऊ दे. टिंकू जेवली का?"

दुपारी टिंकूला थोपटता थोपटता रुचीचाही डोळा लागला. कौलांच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. त्या पाण्यावरून ती चालत निघाली. तळं संपलं तिथं फुलचूर नाका होता. सेंटरात पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता. हिरव्या पडद्यासमोर कोटातली मुलगी बसलेली. टेबलावर पत्रांचा ढीग, सगळी वाचलेली.

"काय पाहिजे, काकू?" मुलीनं विचारलं.

काकू! रुचीला राग यायला हवा होता, पण आली माया. "मी नवेगावहून आली. माझं काम तुझ्याकडे आलं आहे."

"ते माझं आहे. मी केव्हाची बसून आहे."

"मग उत्तर काऊन नाही देत?"

मुलीनं हात पुढं केले. बाह्या इतक्या लांब झाल्या होत्या की बोटं दिसतच नव्हती. "कशानं लिहू? आणि तुम्ही घेऊन गेल्यावर मी कुठं जाऊ?"

टिंकूची लाथ बरगडीत बसली आणि रुची जागी झाली.

त्याच दिवशी तिनं साइटला कळवलं. आधार कार्ड जोडलं, लग्नाचा दाखला जोडला, आधीची गजभिये ती मीच, असं लिहिलं. शनिवारी उत्तर आलं. जुनं पान कायमचं बंद करायचं का? सोबतची सगळी माहिती पुसली जाईल.

तिनं साहेबांच्या चार ओळी वाचल्या. 'काम नीट करते. कणी एकसुद्धा सुटत नाही.' तिनं तो फोटो बोटांनी मोठा केला. कोटाच्या गळ्याशी आईनं शिवलेल्या निळ्या कुर्त्याची कड दिसत होती. लेकीला घराबाहेर काढून कडी लावावी, तसं काहीसं मनात आलं. पण इकडं पदर मुठीत धरून दुसरी लेक झोपली होती. रुचीनं 'हो' दाबलं.

"काऊन रडून राहिली वं?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "कोन गेलं का?"

"कोणी नाही, आई. ओळखीची होती एक."

"मंग चहा घे. उपाशी रडू नोको."

रविवारी तिच्या फोनवर ते पान दिसेनासं झालं. तिनं श्वास सोडला. बुद्धभूषणनं सहज आपल्या फोनवर शोधलं, तर ती तिथं होती! काळा कोट, ताठ मान. साइटनं उत्तराखाली लिहिलेलंच होतं की काही ठिकाणी पान थोडे दिवस दिसू शकतं. पण कुणाच्या फोनवर, किती दिवस, ते कोण सांगणार? आणि सोमवार उद्यावर आला होता.

टिंकूला मांडीवर घेऊन रुचीनं नव्या पानावर पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. दोनदा खोडलं, मग जसं आलं तसं राहू दिलं.

'नमस्कार. मी रुची बन्सोड, नवेगाव बांध. धान आणि तांदूळ तपासण्याचं काम करते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. तुमच्या फोनवर रुची गजभिये, गोंदिया, एवढं शोधून पाहा. मोठ्या काळ्या कोटातली मुलगी दिसली, तर तिला काम पाठवू नका, मला कळवा. तिच्या नावानं दुसरं कोणी बोलत असेल तर तेही कळवा. ती शांत बसलेली असेल तर तसं सांगा. मला इथून दिसत नाही. तुम्ही एकदा बघता का?'